वालावरची अळी

वडखळच्या नाक्यावर दोन रस्ते फुटतात, एक अलिबागला आणि एक गोव्याकडे, आणि माझी थाप तोंडातून सुटली की दोन्ही रस्त्यांनी एकाच वेळी निघायची. मी टेम्पो चालवायचो. शाडूची पोती जोह्याला उतरवायची, तिथल्या कारखान्यांतले गणपती सीझनला पार माणगाव-महाडापर्यंत पोचवायचे, आणि येता-जाता नाक्यावरच्या चहावाल्याकडे थांबायचं. लोक म्हणायचे, हा चहाला थांबतो. चहावाला म्हणायचा, याच्यामुळे लोक चहाला थांबतात. एकदा मी धरमतरच्या खाडीतल्या मगरीची गोष्ट सांगितली. आठ दिवसांनी नागोठण्यात एका कंडक्टरने तीच मला ऐकवली, तेव्हा त्या मगरीने एक म्हैस आणि दोन तलाठी गिळले होते. मी फक्त म्हैस दिली होती. तलाठी कुणी घातले ते अजून कळलेलं नाही, पण चांगले बसले होते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात वाढवायला जागा नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला. कुठेतरी एखादा वाघ, एखादा पूर घालून बघितला. ते सगळं बाहेरच उभं राहतं, आत येत नाही.

माझी सासुरवाडी कोलाडच्या अलीकडे, खांब गावाच्या आतल्या अंगाला. तिकडे भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात, आणि पौषात शेंगा भरल्या की पोपटी लावतात. ज्याने खाल्ली नाही त्याच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे अंडी, कोंबडीचे तुकडे, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवून द्यायच्या. अर्ध्या तासाने जो वास सुटतो त्याने मेलेला माणूस उठून पत्रावळ मागेल. ही माझी थाप नाही, सासरच्या माणसांचीही हीच समजूत आहे.

पोपटीला जावई हवाच, आणि जावई म्हणजे मी. लावणारा माझा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. तो माझ्या उलटा. दिवसात दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा बैलांशी. चहात साखरही चमच्यावर नखाने सारखी करून घालायचा. त्याच्या वालाच्या ओळी अशा सरळ की जणू दोरी अजून तिथेच आहे. मी त्याला म्हणायचो, मेव्हणेबुवा, तुम्ही तोंड उघडायला बहुतेक तहसीलदाराची परवानगी काढता. तो हसायचा. तेही मोजून.

एका वर्षी पोपटी झाल्यावर मी नाक्यावर आलो. चहावाल्याने विचारलं, काय, झाली का सासरची पोपटी. समोर अलिबागची गाडी उभी होती, महाडची उभी होती, ऐकणारे पुष्कळ. माझी जीभ सुटली.

"झाली की. मडकं उचललं तर शेंगांच्या आधी अळी बाहेर आली. वीतभर लांब, भाजून लालबुंद. मला बघून म्हणते, या जावयबापू, बसा, शेंगा संपल्या."

चहावाल्याच्या हातातून गाळणी पडली. महाडच्या गाडीचा ड्रायव्हर इतका हसला की गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. लोकांनी अळीचा आवाज कसा होता ते विचारलं. मी आवाज काढून दाखवला.

शेंगांत अळी नव्हती. एकसुद्धा नव्हती. इतक्या स्वच्छ शेंगा मी त्या आधी खाल्ल्या नव्हत्या.

ती अळी चालत चालत रोह्याच्या बाजारात गेली. तिथे माझा मेव्हणा टोपली घेऊन बसायचा. एका बाईने विचारलं, हे त्या बोलणाऱ्या अळीचेच वाल ना. आणि ती उकिडवी बसून एकेक शेंग मोडून बघायला लागली. तिचं बघून दुसरीने मोडल्या. बाजार उठेपर्यंत त्याच्यापुढे मोडलेल्या शेंगांचा ढीग, आणि आजूबाजूचे माळवेवाले अळीचा आवाज काढतायत. हे त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला. मी म्हणालो, बघ, कुठवर पोचली. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू. मेव्हणा मला काहीच बोलला नाही. पण तो तसाही बोलत नसायचा, त्यामुळे फरक कळला नाही.

पुढच्या पौषात त्याने पोपटीचा निरोप धाडला, रविवारचा. मी पेणहून नवं मडकं घेतलं, डझनभर अंडी, एक कोंबडा, आणि बायकोला पुढे बसवून निघालो. कोलाडच्या अलीकडे मी तिला नवी गोष्ट जुळवून दाखवत होतो. यंदा अळी बोलणार नव्हती, गाणार होती. ती म्हणाली, "पुरे ना आता. त्याला लागलंय ते." मी म्हटलं, "त्याला बोलायला काय झालं मग?"

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पडवीत टोपलीभर शेंगा ठेवलेल्या. आदल्या दिवशी सकाळी तोडलेल्या आणि एकेक निवडलेल्या. एकीलाही भोक नाही, एकीला डाग नाही. नवरीच्या ओटीत घालाव्यात अशा. आणि त्या तोडून झाल्यावर त्याने शेतावर फवारणी धरली होती, ती आजही चालूच होती. आमच्याकडे वालाला तेव्हा कुणी फवारत नसे. त्यानेही कधी केली नव्हती. पोपटी झाली की जावयाला शेत फिरवून दाखवायची पद्धत, आणि मी फिरेन तेव्हा एका पानावर एकही किडा दिसता कामा नये, एवढंच त्याच्या मनात. हे मला नंतर कळलं, त्याच्या बायकोकडून, तुकड्या-तुकड्याने. पंप शेजारगावातून मागून आणलेला, त्याचा वायसर गेलेला. औषध गळून पाठ भिजत होती. सदरा ओला झाला तरी त्याने काढला नाही, सुकेल म्हणाला. दुकानदाराने पंपाला दोन झाकणं सांगितली होती. त्याने चार घातली, आणि काठीने न ढवळता हाताने ढवळली. नळीचं तोंड सारखं चोंदायचं. ते काढून, ओठाला लावून फुंकायचा आणि पुन्हा बसवायचा.

चहातली साखर सारखी करणारा माणूस.

तो बांधावरून आला तो अजून मला दिसतो तसा सांगतो. पौषातल्या गार वाऱ्यात तो घामाने निथळत होता. डोळे बारीक, पाणावलेले. तोंडातून लाळ गळत होती आणि तो ती सारखी खांद्याला पुसत होता. आणि मी पडवीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालो:

"काय मेव्हणेबुवा, पोपटीच्या नावानेच तोंडाला पाणी सुटलं?"

सगळे हसले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्याची बायको हसली. तोसुद्धा हसला. आणि हसता हसता उंबऱ्यावर बसला.

मग ओकला.

"उन्हं लागलीत," त्याची बायको म्हणाली. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या. कुणी म्हणालं, ताक द्या. मी म्हणालो, ताक कसलं, माडी जास्त झालीय. माझ्या बायकोने त्याचा दंड धरला तर दंडाच्या कातडीखाली काहीतरी थडथड उडत होतं, गरम तव्यावर पाणी पडल्यासारखं. तिने त्याच्या सदऱ्याला नाक लावलं.

"माडी नाय ही," ती म्हणाली. "औषध हाय. गाडी काढा."

आम्ही त्याला टेम्पोत मागे निजवला. त्याला हुडहुडी भरली होती म्हणून मी माझ्या हाताने घोंगडी घेतली आणि त्या ओल्या सदऱ्यावरूनच गच्च गुंडाळली. मला वाटलं, मी काहीतरी शहाणपणाचं केलं. रोह्यापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत मी इथे दोन पूल आणि एक रेल्वे फाटक उडवलं असतं.

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते आणि एक पन्नाशीच्या सिस्टर. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळ्यात बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. छातीला स्टेथोस्कोप लावला.

"प्याला का?"

"नाय. फवारत होता."

"खरं सांगा. लपवलंत तर त्याचं नुकसान."

"खरं सांगतो."

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. "तुम्ही वडखळचे ना," त्या म्हणाल्या. "ते अळीवाले."

मी मान हलवली. त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि हळू म्हणाल्या, "यांच्या बायकोला विचारा."

माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, फवारत होता. तेव्हा ते खरं धरलं. तरी नळी घालून पोट धुतलंच, कारण फुंकताना किती आत गेलं कुणास ठाऊक. पण त्याआधी सिस्टरांनी घोंगडी सोडवली आणि आत ओला सदरा बघितला. त्या काही ओरडल्या नाहीत. कात्रीने सदरा उभा कापला, पिशवीत बांधून बाहेर ठेवायला लावला, आणि साबण-पाण्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतला. केस, काखा, नखांच्या आतसुद्धा. हातात मोजे घालून.

"हे घरी विहिरीवर केलं असतंत तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "सगळ्या रस्त्याने अंगात जिरत आलंय."

मग इंजेक्शनं सुरू झाली. अॅट्रोपिन. दर पाच-दहा मिनिटांनी काचेची बारकी कुपी फोडायची, शिरेत द्यायची, थांबायचं, छाती ऐकायची, काखेत हात घालून घाम बघायचा, पुन्हा फोडायची. सोबत आणखी एक औषध सलाईनमधून. डॉक्टर म्हणाले, छातीतलं पाणी सुकलं पाहिजे, ते सुकेपर्यंत हे थांबत नाही. ट्रेमध्ये फोडलेल्या काचांचा ढीग झाला. मी तो बघत बसलो. दुसरं काही बघावंसं वाटत नव्हतं. रोह्याच्या बाजारात मोडलेल्या शेंगांचा ढीग असाच दिसला असेल, एवढंच एकदा मनात आलं, आणि तेही लगेच गेलं.

एक हवालदार येऊन गेला. अशा केसची नोंद करावी लागते. त्याने मला विचारलं आणि वही मिटून सासूबाईंना विचारलं. मग दवाखान्यातून फवारणीच्या औषधाची बाटली आणायला सांगितलं म्हणून मी परत गावात गेलो. बाटली मोरीजवळ सापडली. चांगली काचेची, घट्ट झाकणाची. रॉकेलला होईल म्हणून त्याच्या बायकोने ती बाजूला ठेवली होती. पडवीत टोपली तशीच. मी आणलेला कोंबडा पडवीच्या खांबाला बांधलेला, तो सुटून शेंगांवर उभा होता. त्याला मी हाकलला नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा कोरडा झाला. ओठ फुटले, तोंड लाल, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळा नुसता काळा. डॉक्टर म्हणाले, हे हवंच होतं. पण त्या औषधाने तो भरकटला. हवेतून काहीतरी वेचायला लागला. दोन बोटांनी धरायचा, खुडायचा, छातीवर ठेवायचा. शेंगा तोडत होता. आणि बोलायला लागला. ज्याने जन्मात दहा वाक्यांच्या वर दिवस नेला नाही तो तास-तासभर बोलत होता.

"त्या बघा वर. पंख्यावर. वीत वीत लांब. लाल हायत. बसा म्हणतायत, बसा, बसा."

सिस्टरांनी त्याचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेला सैल बांधले. शेजारच्या खाटेवरचा एकजण हसला आणि म्हणाला, भारी रंगवतोय. त्याला माहीत नव्हतं की गोष्ट कुणाची. मी बाहेर जाऊन टेम्पोत बसलो. रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गाडीच्या आरशावरची धूळ पुसली, पुन्हा आत गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर आला आणि त्याने पेज मागितली. त्याच्या बायकोने चमच्याने भरवली. आम्हा सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. माझी जीभ तर इतकी सुटली की विचारू नका. मी वॉर्डात उभा राहून सांगायला लागलो की आमच्या मेव्हण्याने एवढं विष पचवलं की त्याला चावलेला डास रोह्याच्या पुलापर्यंत जाऊन पडला. लोक हसले. सिस्टरसुद्धा हसल्या असाव्यात. डॉक्टर आत आले, ते हसले नाहीत.

"अजून दोन-तीन दिवस मी खात्री देत नाही," ते म्हणाले. मग त्याला म्हणाले, "मान उचला बघू."

त्याने उचलली.

"तुम्ही इथे बसता ना? मग गोष्टी नंतर सांगा. दर तासाला याला एवढंच सांगायचं, मान उचल. उशीवरून डोकं उठतंय का बघायचं. ज्या क्षणी उठणार नाही, मला हाक मारायची."

मला वाटलं, हे काय काम. पण केलं. मान उचला मेव्हणेबुवा. उचलायचा. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. वैतागून एकदा म्हणाला, "भावजी, किती येळा?" ते त्याचं पूर्ण वाक्य होतं, चांगलं ठणठणीत.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलो आणि म्हटलं, मान उचला. त्याने माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. डोकं उशीवरच राहिलं.

"चेष्टा नको," मी म्हणालो.

त्याने पुन्हा जोर केला. डोळे वर गेले, डोकं नाही. बोलायला गेला तर आवाज नाकातून आला. मी डॉक्टरांना हाक मारली.

विषाचं हे दुसरं येणं असतं म्हणे. पहिलं ओसरलं की दोन-चार दिवसांनी मानेपासून सुरू होतं, आणि तिथून छातीत उतरतं. माणूस जागा असतो, फक्त श्वास ओढायचे स्नायू थकून बसतात. दुपारच्या आत त्याच्या घशात नळी घातली आणि नळीला रबरी फुगा लावला. तो हाताने दाबायचा, की छाती वर येते. सोडायचा, की खाली जाते. श्वासाचं मशीन तेव्हा पेणला एका मोठ्या दवाखान्यात होतं. तिथे फोन केला आणि ॲम्ब्युलन्स काढली.

डॉक्टरांनी मला फुगा कसा दाबायचा ते दाखवलं. "स्वतःचा श्वास बघा आणि त्या चालीने दाबा. घाई नको. छाती वर येते का तेवढं बघा." वाटेत एक वॉर्डबॉय आणि मी आळीपाळीने दाबत होतो. नागोठणं गेलं. मग वडखळचा नाका आला. गाड्यांच्या गर्दीत ॲम्ब्युलन्स अडकली. मागच्या काचेतून चहावाला दिसला. गाळणी हातात, समोर माणसं, कुणीतरी काहीतरी सांगतंय, सगळे हसतायत. मला त्यांचं काही वाटलं नाही, वाईटही नाही. दाबलं, सोडलं. गाडी पुढे सरकली.

पेणला मशीन एकच होतं आणि त्यावर मिठागरावर काम करणारा एक म्हातारा होता, सापाने डसलेला. डॉक्टर म्हणाले, मोकळं होईपर्यंत हातानेच चालवावं लागेल. माझी बायको, त्याची बायको, मी, आणि अधूनमधून तिथला माणूस. माझी पाळी सगळ्यांत लांब, कारण माझे हात पोती उचलणारे. म्हाताऱ्याचा मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याने आपला चहा अर्धा मला दिला, आणि मला हात सोडता येत नव्हता म्हणून कप माझ्या ओठाला धरला.

"तुमचा कोण?" त्याने विचारलं.

"मेव्हणा. तुमचे?"

"बापूस."

त्याच्या बापाने मशीन सोडल्याशिवाय माझ्या मेव्हण्याला ते मिळणार नव्हतं, आणि ते दोन प्रकारे सुटू शकत होतं. दोघांनाही माहीत होतं. कप रिकामा झाल्यावर त्याने माझं तोंडही पुसलं.

हाताची बोटं कधी बधिर झाली ते आठवत नाही. पुढे पुढे फुगा कुणाच्या हातात आहे तेच कळत नव्हतं. तिथली नर्स म्हणाली, बोलत राहा, नाहीतर डोळा लागेल. मला वाटलं होतं, जगात काहीही झालं तरी बोलायचं मला कधी कमी पडणार नाही. एकही गोष्ट आठवली नाही. मगरही आठवली नाही. शेवटी जे होतं ते बोललो.

"मेव्हणेबुवा, अळी नव्हती."

दाबलं, सोडलं.

"एकपण नव्हती. शेंगा चांगल्या होत्या. मी हसवायला बोललो. महाडची गाडी उभी होती म्हणून बोललो."

त्याचे डोळे मिटलेले. पापण्या उचलायचीही ताकद त्या दिवशी राहिली नव्हती. छाती मी दाबलं तेवढीच वर येत होती, न कमी न जास्त. मी तेच पुन्हा पुन्हा बोलत राहिलो. दर वेळी तेवढंच, एक शब्दही न वाढवता. माझ्या आयुष्यात हे एकदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मशीन मोकळं झालं. म्हाताऱ्याची खाट नेली. त्याचा मुलगा जाताना आमच्याकडे आला, फुग्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आता हात सोडा तुमी." मी सोडला. बोटं उघडली नाहीत, नर्सने एकेक करून उघडली.

पंधरा दिवस तो मशीनवर होता. मधे ताप आला, छातीत कफ भरला. एकदा डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या आत जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "जावयबापू, त्याच्याशी बोला हो काहीतरी. तुमच्या बोलण्यावर हसायचा तो." मी आत जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. मग एका सकाळी त्याने मान उचलली. अंगठाभर. आम्ही चौघांनी ती बघितली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी.

घरी नेला तेव्हा वाटलं, सुटलो. महिन्याभराने त्याच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग पावलं पडेनाशी झाली. टाच टेकायची, पण पुढचा पाय लोंबायचा. चालताना चप्पल गळून मागे राहायची आणि याला पत्ता नाही. पुन्हा पेणला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हेही त्याच विषाचं, उशिरा येतं. काहींचं वर्ष-दोन वर्षांत भरून येतं, काहींचं थोडं राहून जातं. तुमचा माणूस जगलाय, हे धरून चाला. आम्ही ते धरून चाललो. त्या वर्षीचा वाल बायकांनी काढला. विळ्याची मूठ त्याच्या हातात टिकत नव्हती.

माझ्याशी तो नेहमीसारखा होता, म्हणजे बोलत नव्हता. मीही नाक्यावर कमी थांबायला लागलो. चहावाल्याने विचारलं, तब्येत बरी ना. मी म्हटलं, दात दुखतोय. तो दात माझा वर्षभर दुखला.

पुढच्या पौषात पोपटीचा निरोप येणार नाही असं मी धरून होतो. आला. यंदा मडकं त्याच्या बायकोने लावलं. तो दाराशी पाय लांब करून बसून नुसतं सांगत होता, पाला एवढा, मीठ एवढं. ऊन असतानाच मडकं उघडलं. शेतावर त्याने काहीच मारलं नव्हतं. शेंगांना भोकं होती, डाग होते. मी मुकाट्याने खात होतो. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिखट झालं काय?"

तेवढ्यात त्याने आपल्या पत्रावळीतली एक शेंग उचलली. बोटं थरथरत होती, दोनदा सुटली. ती माझ्यापुढे ठेवली.

"उघडा."

मी उघडली. आत दाण्याला चिकटून एक हिरवी अळी होती, भाजून वळलेली, नखाएवढी.

"फुगा दाबताना बोललात ते सगलं आयकलं मी," तो म्हणाला. "कान चालू व्हते. परत परत तेच बोलत व्हता. मना बोलायला येत नव्हतं, नायतर म्हटलं असतं, गप बसा." त्याचं बोलणं अजून दमत दमत यायचं. "मग मना वाटायचं, एक तरी असती तर बरं व्हतं. ही घ्या. आता हाय."

मी ती नखाशी धरून बघितली.

"बारकी हाय," मी म्हणालो.

"तुमी वाढवाल की."

त्याची बायको हसली, मग माझी हसली. मी ती शेंग खाल्ली नाही, टाकलीही नाही, पत्रावळीच्या कडेला ठेवली. त्याच्या उजव्या पायातली चप्पल केव्हाची गळून पडली होती. ती उचलून मी त्याच्या पायात घातली. तो बायकोला मीठ कमी पडल्याचं सांगत होता, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडखळला महाडची गाडी उभी होती. चहावाल्याने विचारलं, काय, झाली का पोपटी, निघाली का अळी यंदा. मी म्हटलं, निघाली. किती लांब, त्याने विचारलं, आणि चार-पाच माणसं पुढे सरकली.

मी माझं नख दाखवलं.

कुणीच विश्वास ठेवला नाही.